पऱ्हाटीतली अळी, मक्यातली अळी



पावसाळ्यात गटांच्या बैठकांना गेलं की बचतीची वही उघडायच्या आधी अळीचा विषय निघतो. आधी तो पऱ्हाटीतल्या अळीचा असायचा. अलीकडं ज्यांच्याकडं विहिरीचं पाणी आहे, ढोरांना हिरवा चारा हवा आहे, त्यांनी अर्धा-एक एकर मका टाकला आहे, आणि आता प्रश्न येतो मक्याचा: "ताई, पोंग्यात अळी बसली. कोणतं औषध मारू?"

औषधाचं सांगू, पण जरा थांबून. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात हा प्रश्न पहिल्यांदा विचारला जात नाही. आपल्या आजीच्या, आईच्या काळातही तो विचारला गेला, दर वेळी त्याचं उत्तर दुकानातून आलं, आणि त्या उत्तराचं पुढं काय झालं ते आपल्याला पाहता येतं. बी.ए.ला आम्ही इतिहास शिकलो. त्यात राजे होते, तह होते, वऱ्हाड १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात कसं गेलं तेही होतं. अळी कुठंच नव्हती. पण वऱ्हाडातल्या घराचं वर्ष कसं जाईल हे ठरवण्यात राजापेक्षा अळीचा हात मोठा आहे, असं आमचं मत आहे. म्हणून आजचं बोलणं तिच्यावर.

सुरुवात गुलाबी बोंडअळीपासून करू, कारण ती आपली जुनी ओळखीची. शास्त्राच्या पुस्तकात तिची पहिली नोंद १८४३ सालची आहे. गुजरातेतल्या भडोचकडच्या कापसात ती सापडली होती आणि तिथून नमुने विलायतेला गेले होते. ही अळी सरकीत लपते. बाहेरून दिसत नाही. त्यामुळं सरकी जिथं गेली तिथं तीही गेली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती हिंदुस्थानातून गेलेल्या मालाबरोबर इजिप्तला पोचली, तिथून १९११ च्या सुमाराला मेक्सिकोत आणि १९१७ ला अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये. इजिप्तमध्ये तर जिनिंगमध्येच सरकी तापवून अळी मारायचा कायदा करावा लागला. म्हणजे अळी नेहमी परक्या देशातून आपल्याकडंच येते असं नाही. आपणही पाठवली आहे.

तेव्हा आपल्याकडं गावरानी कापूस होता. बोंड लहान, धागा आखूड, पीक लवकर निघायचं. पऱ्हाटीत ज्वारी, तूर, मूग असायचे. अळी तेव्हाही होती, गुलाबी होती, ठिपक्यांची होती. नुकसानही व्हायचं. जुना काळ सोन्याचा होता असं आम्ही म्हणणार नाही, कारण त्या काळी एकरी कापूस किती थोडा निघायचा हे आपल्या घरच्या म्हाताऱ्यांना विचारा. पण अळीला वर्षभर सलग खायला मिळत नव्हतं, हा फरक होता.

१९७० साली गुजरातेतल्या सुरतच्या संशोधन केंद्रातून एच-४ हा संकरित कापूस आला. व्यापारी लागवडीसाठी तयार झालेला जगातला तो पहिला संकरित कापूस. बोंड मोठं, उतारा जास्त, खताला प्रतिसाद चांगला. पण पीक जास्त दिवस वावरात उभं राहायचं, पानं लुसलुशीत, आणि अळीला जणू पंगत मांडून दिलेली. त्याच काळात भुकटी आली. डीडीटी, बीएचसी. फडक्याच्या पुरचुंडीत बांधून काडीनं झटकत जायची भुकटी ज्यांनी पाहिली आहे अशा आज्या अजून गावात आहेत. बीएचसीवर १९९७ साली देशात बंदी आली. एंडोसल्फान सर्वोच्च न्यायालयानं २०११ साली थांबवलं. म्हणजे आपण वीस-तीस वर्षं जे हातानं झटकलं ते पुढं वापरायच्या लायकीचं नाही असं ठरलं.

१९८० च्या सुमाराला सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातली औषधं आली. सायपरमेथ्रिन, फेनव्हॅलरेट ही नावं तुम्ही ऐकली असतील. पहिली दोन-चार वर्षं अळी अशी पडायची की शेतकरी म्हणायचे, आता चिंता मिटली. मग १९८७-८८ ला आंध्रातल्या गुंटूर आणि प्रकाशम जिल्ह्यांत हिरवी बोंडअळी मरेनाशी झाली. फवारण्यांवर फवारण्या झाल्या, कर्ज झालं, कापूस गेला, आणि शेतकऱ्यांनी जीव दिले. नव्वदच्या दशकात तेच आपल्या भागात आलं. त्या काळात देशात कापसाचं क्षेत्र एकूण शेतीच्या पाच टक्क्यांच्या आसपास होतं आणि देशातल्या कीटकनाशकांपैकी जवळपास निम्मी त्यावर पडत होती.

अळी मरेनाशी का होते? धान्य चाळताना चाळणीच्या भोकापेक्षा मोठा खडा वर राहतो. तुम्ही तीच चाळण दहा वेळा फिरवली तरी तो वरच राहणार. हजार अळ्यांत दोन-चार अशा असतात की त्या औषधानं मरत नाहीत. बाकीच्या मेल्या की रान मोकळं. त्या दोन-चार वाढतात, पतंग होतात, अंडी घालतात. पुढच्या पिढीत तशा जास्त. एकच औषध वर्षानुवर्षं मारलं की आपणच निवडून निवडून न मरणारी अळी तयार करतो. मंत्र्यापासून कृषी केंद्रवाल्यापर्यंत कोणीही हे बदलू शकत नाही.

इथं नावाची एक गंमत सांगून टाकतो. या हिरव्या अळीला आपण "अमेरिकन बोंडअळी" म्हणतो. ती अमेरिकेची नाहीच. ती आशिया, आफ्रिका, युरोप इकडचीच, आणि दक्षिण अमेरिकेतल्या ब्राझीलमध्ये तिची नोंद २०१३ साली झाली. खरी अमेरिकन अळी आपल्याकडं वेगळीच आली, उशिरा आली. तिचं पुढं येतंच.

मग आलं बीटी. बीटी हा मातीत राहणारा एक जीवाणू. १९०१ साली जपानमध्ये रेशमाचे किडे पटापट मरत होते, त्याचं कारण शोधताना तो पहिल्यांदा सापडला. रेशमाचा किडा म्हणजेही अळीच की. दहा वर्षांनी जर्मनीतल्या थुरिंजिया भागात पिठातल्या अळीत तो पुन्हा सापडला आणि त्या गावाकडचं नाव त्याला चिकटलं. त्याची भुकटी करून फवारायचे, अजूनही फवारतात. पुढं त्यातला विष तयार करणारा अंश थेट कापसाच्या बियाण्यात घातला. मार्च २००२ मध्ये सरकारनं बीटी कापसाला परवानगी दिली. सुरुवातीला ४५० ग्रॅमची थैली १,६०० रुपयांना होती. २००६ ला त्याची दुसरी आवृत्ती आली, ज्यात एकाऐवजी दोन विषं होती.

बीटीनं काहीच दिलं नाही असं म्हणणारे आहेत. आम्हाला ते पटत नाही. पहिली काही वर्षं हिरव्या अळीसाठीच्या फवारण्या खरंच कमी झाल्या. बोंडं वाचली. वेचणीचे दिवस वाढले, वेचणीला जाणाऱ्या बायांच्या हाती चार पैसे जास्त आले. पण त्या थैलीबरोबर एक छोटी पुडी यायची, १२० ग्रॅमची, साध्या बियाण्याची. आठवते? बहुतेक घरांत ती फेकली गेली, किंवा नांग्या भरायला वापरली, किंवा कोंबड्यांनी खाल्ली.

त्या पुडीचं काम असं होतं. वावराच्या कडेनं बिगर-बीटी पऱ्हाटी लावायची. तिच्यावर साध्या अळ्या वाढतील, त्यांचे साधे पतंग होतील. बीटीवर जगून वाचलेला एखादा चिवट पतंग निघालाच, तर त्याची सोयरिक या साध्या पतंगांशी होईल आणि पोरं बीटीला बळी पडणारी निघतील. चिवट घराण्याची आपसात सोयरिक होऊ द्यायची नाही, एवढाच त्यामागचा बेत. सरकी टोबायला वावरात कोण असतं? आपण. दिवसभर कमरेत वाकून ओळीनं दाणा टाकणाऱ्या बाईला ही सोयरिकीची गोष्ट कोणी सांगितली नाही. पुडीवरचा मजकूर बारीक अक्षरात होता आणि थैली मालकानं आधीच फोडलेली असायची. तीन एकरवाल्यानं त्यातली जागा साध्या कापसाला का द्यायची, हाही प्रश्न खराच होता. त्याचं उत्तर धोरण करणाऱ्यांनी द्यायला हवं होतं.

गुलाबी अळीनं संधी साधली. २०१० साली गुजरातेत पहिल्या बीटीला ती दाद देत नाही हे जाहीर झालं. नंतरच्या चार-पाच वर्षांत दुसऱ्या बीटीवरही ती दिसू लागली. मग आलं २०१७.

बायांनो, २०१७ चं नाव काढलं की आपल्या जिल्ह्यात अजून बोलणं थांबतं. त्या पावसाळ्यात पऱ्हाटी माणसाच्या डोक्याइतकी वाढली होती. दमट हवा, वारा नाही. किडीवर दोन-तीन औषधं एकत्र करून मारली जात होती. नवे जोरदार पंप आले होते, त्यांचा फवारा धुक्यासारखा बारीक. फवारणारा त्या धुक्यातूनच चालायचा. जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत माणसं चक्कर, उलटी, छातीत घरघर, डोळ्यांना दिसेनासं होणं अशा तक्रारींनी यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात शेकड्यांनी भरती झाली. जिल्ह्यात वीसच्या वर शेतकरी आणि शेतमजूर गेले. सरकारनं अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली विशेष तपास पथक नेमलं. पुढं यवतमाळसह पश्चिम विदर्भातल्या पाच जिल्ह्यांत पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर साठ दिवसांची बंदी आली. त्यात मोनोक्रोटोफॉस होतं, ॲसिफेट होतं, प्रोफेनोफॉस आणि सायपरमेथ्रिनचं मिश्रण होतं.

गेलेल्यांत बरेच रोजंदारीवर फवारणारे होते. दुसऱ्याच्या वावरात, दुसऱ्यानं आणलेलं औषध, दुसऱ्यानं सांगितलेल्या मापानं. पण त्या काळातल्या बातम्यांत एक गोष्ट फारशी आली नाही. ड्रममध्ये पाणी भरून औषध कालवून देणारी बहुतेक वेळा घरची बाई असते. संध्याकाळी तो भिजलेला शर्ट हातानं धुणारीही तीच. तिला डोकं दुखलं, मळमळलं, तर "उन्हानं झालं असेल" म्हणून विषय संपतो.

आणि एवढं होऊनही त्या हिवाळ्यात कापूस वाचला नाही. दिवाळीनंतर बोंडं फोडली तर आत गुलाबी अळी. महाराष्ट्रभर हाहाकार झाला. वेचणीला गेलेल्या बायांच्या ओच्यात पांढरा कापूस कमी आणि कवडी जास्त. कवडी वेचायला वेळ दुप्पट लागतो आणि किलोवर मजुरी असेल तर हातात अर्धीच येते. गुलाबी अळी बोंडात शिरली की तिला कोणताही फवारा पोचत नाही. जिथं पोचतो ती माणसाची छाती.

यानंतर कृषी विभागानं आणि अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं ज्या गोष्टी पुन्हा पुन्हा सांगितल्या, त्यात नवं औषध नव्हतं. फरदड घेऊ नका, डिसेंबर-जानेवारीत पऱ्हाटी काढून टाका. घाईनं, मेच्या उन्हात कापूस लावू नका. कामगंध सापळे लावा. डोमकळ्या तोडून नष्ट करा. गुलाबाच्या कळीसारखी मिटलेली ती फुलं आपल्याला लांबून ओळखू येतात, निंदताना रोज हाताखालून जातात. ही सगळी पाहण्याची आणि वेचण्याची कामं आहेत.

एक सल्ला मात्र आमच्या बैठकांत कायम अडतो. "पऱ्हाट्या जाळून टाका किंवा बांधावर साठवू नका." सांगणारे साहेब बरोबर सांगतात, कारण वाळलेल्या बोंडांत अळी झोपून राहते आणि पावसाळ्यात पतंग होऊन निघते. पण त्या पऱ्हाट्यांवर आपली चूल पेटते. गॅसची टाकी भरायला पैसे नसले की पऱ्हाटीच हाताशी असते. यावर काही गटांनी जे केलं ते आम्हाला शहाणपणाचं वाटतं: पऱ्हाट्या घरी आणायच्या आधी वावरातच ढोरं-शेळ्या सोडून हिरवी बोंडं खाऊ द्यायची, राहिलेली वाळकी बोंडं ओरबाडून तिथंच जाळायची, मग उघड्या काड्या घरी आणायच्या आणि पहिला पाऊस पडायच्या आत संपवायच्या. काम वाढतं. पण चूलही राहते.

आता मक्याकडं येऊ. मक्याला आणि ज्वारीला खोडकिडा पूर्वीपासून आहे. पानावर ओळीनं भोकं दिसतात आणि मधला पोंगा वाळतो, तो खोडकिडा. लष्करी अळी हे नावही जुनं आहे. ज्वारीवर झुंडीनं येणाऱ्या आपल्याकडच्या एका अळीला आपण तेच म्हणायचो. २००८ साली विदर्भात सोयाबीनची पानं चाळण करणारी अळी आली होती, तिलाही काही जण लष्करी म्हणाले. तिच्या पाठीवर कृषी विभागाचा "क्रॉपसॅप" नावाचा कीड-पाहणीचा कार्यक्रम सुरू झाला, ज्यात दर आठवड्याला ठराविक शेतांत जाऊन किडी मोजतात. पण मक्यातली ही नवी अळी या सगळ्यांपेक्षा वेगळी आहे.

ही खरी अमेरिकन. तिची नोंद १७९७ सालची, अमेरिकेतल्या जॉर्जिया भागातली. मकाही मूळचा तिकडचाच. तिकडचे शेतकरी तिच्याबरोबर शेकडो वर्षं राहिले. २०१६ साली ती समुद्र ओलांडून पश्चिम आफ्रिकेत दिसली आणि दोन वर्षांत त्या खंडाच्या बहुतेक देशांत पसरली. मे २०१८ मध्ये ती कर्नाटकात सापडली, आणि त्याच वर्षी सोलापूरच्या बाजूनं महाराष्ट्रात आली. तिचा पतंग वारा मिळाला तर एका रात्रीत शंभर किलोमीटर जातो, त्यामुळं आपल्याकडं पोचायला तिला एसटीची गरज पडली नाही.

ओळख पक्की करून घ्या. मोठी झालेली अळी हातात घ्या, चावत नाही. डोक्यावर उलटा इंग्रजी वाय दिसतो. शेपटीजवळ चार काळे ठिपके चौकोनात, रांगोळीचे चार ठिपके काढावेत तसे. मादी पानावर पुंजक्यानं शे-दोनशे अंडी घालते आणि त्यावर अंगाची लव पसरते, त्यामुळं पुंजका बुरशीसारखा वाटतो. दोन-तीन दिवसांत अळ्या निघतात. लहानपणी त्या पान खरवडतात, पानावर पांढरा पारदर्शक पापुद्रा दिसतो. मग पोंग्यात शिरतात. तिथं त्या एकमेकींना खातात, म्हणून एका पोंग्यात शेवटी एखादीच धट्टीकट्टी सापडते. पोंग्यात लाकडाच्या भुशासारखी विष्ठा दिसली म्हणजे ती मोठी झाली. बहुतेक नुकसान या शेवटच्या पाच-सहा दिवसांत होतं. नंतर ती जमिनीत उतरून कोष करते.

बोंडातली गुलाबी अळी आणि पोंग्यातली ही अळी, दोघींची चाल सारखीच आहे. आधी उघड्यावर, लहान, चिमटीत चिरडता येईल अशी. मग आत. आत गेल्यावर आपण धावपळ करतो, आणि विषारी उपाय सगळे तेव्हाच होतात.

म्हणून मका उगवल्यापासून पहिले चार आठवडे पाहायचे. आठवड्यातून दोनदा, सकाळी. वावराच्या कडेवर उभं राहून नाही, आत शिरून. पाच ठिकाणी थांबायचं, प्रत्येक ठिकाणी वीस झाडं बघायची, म्हणजे शंभर झाली. अंड्यांचे पुंजके आणि पापुद्रा असलेली पानं तोडून रॉकेलच्या किंवा साबणाच्या पाण्यात टाकायची. अर्ध्या एकराला दोघी बायांना तासाभरात होतं हे काम. शंभरात पाचाच्या आत झाडं धरली असतील तर हातानं वेचणं पुरतं. पाच गेली की निंबोळी अर्क. त्याच्या जोडीला एकरी पाच कामगंध सापळे, आणि पाखरांना बसायला दहा-बारा काड्यांचे थांबे. मैना, कोतवाल अळ्या वेचतात, मजुरी मागत नाहीत. सुरुवातीच्या महिन्यात नऊ भाग कोरडी वाळू आणि एक भाग चुना मिसळून चिमूटभर पोंग्यात टाकायचा उपायही भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या संस्थांनी सांगितला आहे. आफ्रिकेतल्या आणि मध्य अमेरिकेतल्या बायका राख आणि माती टाकतात, तो याचाच भाऊ. चुना टाकताना हाताला फडकं बांधा, डोळ्यांत जाऊ देऊ नका.

मक्यात तूर, उडीद, मूग यांच्या ओळी घेतल्या तर अळीला सलग मका मिळत नाही आणि मित्रकिड्यांना आसरा होतो. केनियात एका संशोधन संस्थेनं मक्याच्या मधे एक वेलवर्गीय चारा आणि कडेनं नेपियर गवत लावायची पद्धत खोडकिड्यासाठी बसवली होती. ही नवी अळी आल्यावर त्याच वावरांत तिचाही त्रास कमी दिसला. नेपियर तर आपण चाऱ्यासाठी धुऱ्यावर लावतोच.

निंबोळीचा इतिहास थोडा लांबवतो, कारण तो आपला आहे. १९६२ साली टोळधाड आली तेव्हा दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी निंबोळीच्या गराचं पाणी पिकावर फवारलं आणि टोळांनी त्या पिकाला तोंड लावलं नाही. धान्याच्या कोठीत कडुनिंबाचा पाला टाकणाऱ्या आपल्या आज्यांना याचं नवल वाटलं नसतं. पुढं निंबोळीपासून बुरशीनाशक करायच्या पद्धतीचं पेटंट अमेरिकेतल्या एका कंपनीनं आणि तिथल्या कृषी खात्यानं युरोपात मिळवलं. भारतातून त्याला आव्हान दिलं गेलं. २००० साली युरोपच्या पेटंट कार्यालयानं ते रद्द केलं, आणि २००५ साली अपीलही फेटाळलं. मुद्दा हाच होता की हे ज्ञान लोकांकडं आधीपासून आहे, नवं काही शोधलेलं नाही.

अर्क करायची रीत: वाळलेल्या निंबोळीचा पाच किलो चुरा दहा लिटर पाण्यात रात्रभर भिजवायचा. सकाळी फडक्यातून दोन-तीनदा पिळायचा. दोनशे ग्रॅम कपडे धुण्याची पावडर घालून एकूण शंभर लिटर पाणी करायचं. त्याच दिवशी, उन्हं उतरल्यावर फवारायचं, आणि नोझल पोंग्यावर धरायचं. हे लहान अळीवर चालतं. बोटाएवढी झालेली अळी यानं मरत नाही, आणि मेली नाही म्हणून निंबोळीला नावं ठेवू नयेत.

आता ते राहिलेलं औषध. पाच-सहा आठवड्यांच्या मक्यात शंभरात दहाच्या वर झाडं धरली असतील, आणि वेचणं-निंबोळी दोन्ही करून झालं असेल, तर कृषी विभागाच्या शिफारशीत इमामेक्टिन बेंझोएट ५ एसजी आहे, दहा लिटर पाण्याला चार ग्रॅम. एकच औषध, दुसरं काही न मिसळता. पुढच्या वेळी गरज पडली तर वेगळ्या गटातलं, कृषी सहायकांना विचारून. तुरा आल्यावर फवारू नका. तेव्हा मका डोक्याच्या वर असतो, फवारा आपल्याच तोंडावर येतो. २०१७ च्या पऱ्हाटीत झालं ते हेच. शिवाय कणीस पोरं खातात आणि धांडे ढोरं खातात. फवारल्यावर किती दिवस चारा तोडायचा नाही ते डब्यासोबतच्या कागदावर असतं. नसेल वाचता येत तर शाळेतल्या पोरीकडून वाचून घ्या.

फवारणाऱ्याला अंगभर कपडे, तोंडाला मास्क, हातमोजे, आणि वाऱ्याच्या दिशेनं चालणं. कालवायला काडी, हात नाही. कपडे वेगळे धुवायचे. त्रास झाला तर घरगुती उपायात वेळ घालवायचा नाही, दवाखान्यात जाताना औषधाची बाटली किंवा डबा सोबत न्यायचा. डॉक्टरला नाव कळलं की उपचार लवकर सुरू होतो. आणि रिकामा डबा तेल-मिठाला वापरायचा नाही. जुलै २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेतल्या जेवणानं तेवीस लेकरं गेली, त्या तेलात मोनोक्रोटोफॉस होतं. आपल्यातल्या कितीतरी जणी शाळेत पोषण आहार शिजवतात, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

इंडोनेशियात १९८६ साली भातावरच्या तुडतुड्यांनी असाच कहर केला होता. फवारणीनं ते वाढतच होते, कारण त्यांना खाणारे कोळी आणि किडे आधी मरत होते. तिथल्या सरकारनं भातावर ५७ कीटकनाशकं बंद केली आणि पुढं गावागावांत शेतकऱ्यांच्या शाळा भरवल्या, वर्ग वावरातच. आपल्याकडच्या शेतीशाळा त्याच वळणाच्या. आपल्या गावात शेतीशाळा होत असेल तर सात-बारा नावावर नाही म्हणून मागं राहू नका. निंदणाऱ्या, वेचणाऱ्या बायांना बसवा असं कृषी सहायकांना गटाच्या ठरावानं कळवा. काही गावांत कृषी सखी आहेत, त्यांना हाताशी धरा.

शेवटी कामाचं एक. निंबोळ्या मृगाच्या आगेमागे पडतात आणि मक्याला अर्क लागतो जुलै-ऑगस्टमध्ये. तेव्हा शोधायला गेलं तर मिळत नाहीत. एकराला वाढलेल्या मक्यात दोनशे लिटर पाणी लागतं, म्हणजे एका फवारणीला दहा किलो चुरा. दहा जणींच्या गटात समजा पाच जणींचा अर्धा-अर्धा एकर मका आहे. दोन फवारण्या धरा, पन्नास किलो होतात. निंबोळ्या सावलीत वाळवून, बुरशी लागू न देता, गोणपाटाच्या पोत्यात भरून कोरड्या जागी ठेवायच्या. मेच्या बैठकीत कोणत्या कडुनिंबाखाली कोण जाणार ते ठरवा, आणि वहीत बचतीच्या खाली एक ओळ आखून किती किलो जमल्या तेही लिहा.